खेळणी, साधनं आणि खेळातून शिकणं: नागपूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

घरातल्या पुढच्या खोलीत गेली काही वर्षं मी लहान मुलांसाठी खेळण्यांची खोली चालवते. वाचनालयातून पुस्तक न्यावं तशी मुलं इथून खेळणी नेतात आणि आठवड्याने परत आणतात. मुलं आत रमलेली असताना आईबाबा, आजीआजोबा दाराशी उभे राहून जे विचारतात, ते इथे उतरवलं आहे. काहींची उत्तरं दोन ओळींत संपली, काहींना बरीच जागा लागली.

साधं खेळणं कोणतं आणि शैक्षणिक साधन कोणतं, हे कसं ओळखायचं?

खोक्यावर ‘एज्युकेशनल’ छापलं आहे म्हणून तर मुळीच नाही. मी एकच गोष्ट बघते: मुलाचं चुकलं, तर ते त्याला कोण सांगतं?

मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममधल्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांमध्ये एक लाकडी ठोकळा आहे. त्याला दहा भोकं आणि प्रत्येक भोकात बसणारा एकेक दट्ट्या. कोणता जाड, कोणता बारीक, कोणता उंच, कोणता बुटका. सगळे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि परत बसवायचे. बारीक दट्ट्या मोठ्या भोकात सहज जातो, त्यामुळे मुलाला आधी वाटतं की जमलं. पण शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो आणि भोक उरतं ते बारीक. कुणी काही बोललेलं नसतं, तरी कुठेतरी गडबड झाली हे मुलाला कळतं. ते परत मागे जातं, एकेक काढून बघतं. तिथे शिकणं घडतं.

याउलट कोणतंही बटण दाबलं तरी ‘व्हेरी गुड’ म्हणणारं बॅटरीचं खेळणं घ्या. त्यात चुकायला जागाच नाही, मग सुधारायला कुठून असणार?

हे मला सुरुवातीला नीट उमगलेलं नव्हतं. चार वर्षांची एक मुलगी असाच एक दट्ट्या हातात घेऊन बराच वेळ बसली होती. मला राहवलं नाही. ‘अगं, तो इकडे टाक’ म्हणून मी बोट दाखवलं. तिने टाकला, उठली आणि पाणी प्यायला गेली. त्यानंतर महिनाभर तिने त्या ठोकळ्याला हात लावला नाही. ते कोडं तिचं होतं आणि मी ते सोडवून टाकलं होतं. तेव्हापासून मूल अडलेलं दिसलं की मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते. पुढच्या बऱ्याच उत्तरांमध्ये मी हेच वेगवेगळ्या प्रकारे सांगणार आहे.

कितव्या वर्षी काय द्यावं?

वर्षांचा तक्ता देणं मला पटत नाही, कारण एकाच वयाची दोन मुलं एकाच ठिकाणी नसतात. तरी ढोबळ सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला धरायला, तोंडात घालायला, वाजवायला काहीतरी हवं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला भरायचं आणि ओतायचं वेड असतं. त्याला एक पातेलं आणि झाकणं दिली तरी त्याचा अर्धा तास मजेत जातो. अडीच-तीननंतर ‘सारखं-वेगळं’, ‘लहान-मोठं’ सुरू होतं, तेव्हा जोड्या लावणं आणि वर्गवारी. चारच्या पुढे ठोकळ्यांची घरं, भातुकली, डॉक्टर-डॉक्टर. पाच-सहाला फासे, पट, नियमांचे खेळ. मूल एखाद्या खेळाचे नियम सारखे बदलत असेल, तर त्याला तो खेळ थोडा लवकर दिला गेला आहे. काही महिने बाजूला ठेवा.

महागडी लाकडी खेळणी घेतलीच पाहिजेत का?

नाही. परवडत असतील तर ठोकळ्यांचा एक चांगला संच घ्या, तो दहा वर्षं टिकतो. बाकी बरंच काही घरात आणि परसात सापडतं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी आधी गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. माँटेसरी पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती. 1945 मध्ये बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना मात्र त्यांनी आणि अनुताई वाघांनी परदेशी धाटणीच्या महागड्या साधनांचा आग्रह धरला नाही. खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ तिथलं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर संत्रं. हिवाळ्यात बादलीभर पाणी घ्या. मुलाला विचारा, संत्रं बुडेल की तरंगेल? टाकून बघू द्या. न सोललेलं तरंगतं. आता सोला आणि पुन्हा विचारा. बहुतेक मुलं म्हणतात, ‘साल काढली, हलकं झालं, आता तर तरंगेलच.’ टाकल्यावर ते बुडतं. जाड, सच्छिद्र सालीत अडकलेली हवा त्याला वर धरून ठेवत होती, पोहताना कमरेला बांधलेल्या ट्यूबसारखी. एखादं संत्रं सोलूनही बुडत नाही, कारण मधल्या पोकळीत हवा राहिलेली असते. अशा वेळी कारण सांगायची घाई करू नका, फोडी सुट्या करून टाकायला सांगा. मग फोडी मोजा. दुसऱ्या संत्र्याच्या मोजा. दोन्हींत सारख्या निघतीलच असं नाही, आणि हे मुलांना फार आश्चर्याचं वाटतं. नंतर सगळ्यांना सारख्या वाटायच्या. एका संत्र्यात मोजणी, अंदाज, भागाकार आणि विज्ञान येऊन जातं, वर खायलाही मिळतं.

पाण्याचा खेळ असेल तेव्हा मोठ्या माणसाने तिथून उठायचं नाही. बादलीभर पाणीही लहान मुलाला धोक्याचं असतं. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीशी तर मुलांना एकटं जाऊच देऊ नका. तिथे पाणी आणि वीज दोन्ही असतात.

माझा मुलगा पंचवीस सांगितलं की 52 लिहितो. यासाठी काही साधन आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण यात चूक मुलाच्या डोक्यात नसते. आपण बोलतो ‘पंच-वीस’, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना 2 आधी आणि 5 नंतर. मूल ऐकलं तसं लिहितं. त्यातून ‘एकोणतीस’ येतो. एक, ऊन म्हणजे कमी, तीस. कानाला तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात वीसमधले. 19, 29, 39 करत 89 पर्यंत एकोण चालतं आणि 99 ला एकोणशंभर न म्हणता आपण नव्याण्णव म्हणतो! 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. जुनी संख्यानामं सोडावीत असं मला वाटत नाही, ती आपल्या भाषेची आहेत. पण लहान मुलांना त्यांचा त्रास होतो, हे त्या निमित्ताने उघडपणे बोललं गेलं ते बरं झालं.

साधन म्हणाल तर काड्या आणि रबरबँड. आइसक्रीमच्या काड्या, खराट्याच्या काड्या, काहीही चालेल. दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा. गठ्ठा मुलानेच बांधायचा, आपण बांधून द्यायचा नाही. मोजून बांधताना दशक हाताला कळतो. पुस्तकातल्या चित्रातल्या गठ्ठ्याने ते होत नाही.

आता एकोणतीस घ्या. मुलाला तीन गठ्ठे ठेवायला सांगा. हे तीस. आता ‘एक ऊन’, एक कमी करायचा. सुटी काडी नाही, मग काय करायचं? इथे थांबा. मूल इकडेतिकडे बघेल, एखादं मूल गठ्ठ्यातून काडी ओढायला जाईल. मग रबरबँड सोडावा लागतो, एक काडी काढावी लागते आणि समोर उरतात दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. 2 आणि 9. संख्येचं नाव आणि संख्येचं लेखन पहिल्यांदा एकमेकांना भेटतात. पुढे हातच्याची वजाबाकी येते तेव्हा हीच क्रिया कामी पडते. ज्या मुलाने पन्नासदा गठ्ठा सोडला आहे, त्याला ‘शेजारून एक उसना घेतला’ हे मंत्रासारखं पाठ करावं लागत नाही.

यानंतर दहा-दहाच्या दोन रंगांत ओवलेली शंभर मण्यांची माळ करा. भिंतीवर आडवी ताणून लावा आणि चिमट्याने संख्या दाखवायला सांगा. सत्तेचाळीस शोधताना मूल आधी एकेक मणी मोजतं, मग काही दिवसांनी दहाच्या उड्या मारतं, आणि एक दिवस पन्नासवर जाऊन तीन मागे येतं. तो दिवस बघायला मिळावा म्हणून घाई करू नका. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांच्या गणितपेटीतही माळ, दांडे, सुटे ठोकळे असतात. पेटी कपाटात कुलूपबंद असेल तर शिक्षकांना आदराने विचारा. सामान हरवेल ही त्यांची भीती खरी असते, तुम्ही मोजून ठेवायला मदत केली तर पेटी उघडते.

अक्षरओळखीसाठी काय वापरू? तक्ता लावला आहे, पण पोरगी बघतही नाही.

तक्ता डोळ्यांसाठी आहे, अक्षर मात्र हातातून येतं. पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि दोन बोटांनी, लिहिण्याच्या दिशेने गिरवू द्या. बोट खडबडीवरून घसरून गुळगुळीत पुठ्ठ्यावर गेलं की तिला स्वतःलाच कळतं. ताटात रवा पसरून त्यात बोटाने लिहिणंही छान. रांगोळीची पूड मी लहान मुलांना देत नाही, ती डोळ्यांत आणि नाकात जाते.

क ख ग घ या क्रमानेच शिकवायचा हट्ट नको. ज्यांचे लगेच शब्द होतात ती अक्षरं आधी घ्या, घर, बस, कप, नळ. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच दिवशी आणू नका. आधी एक पक्कं होऊ द्या.

आणि पहिली वेलांटी! ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. ‘कि’ वाचताना मूल ‘इक’ म्हणतं ते त्याच्या परीने बरोबरच असतं. पुठ्ठ्याची वेगळी वेलांटी करून ती अक्षरापुढे सरकवायचा खेळ करा. क ठेवा, वेलांटी लावा, बोला. काढा, काना लावा, बोला. छापील पानावर मात्रा हलत नाही, हातातली हलते.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल हेही खेळणंच ना?

हो, आणि आपल्या भागातलं सगळ्यांत लाडकं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं सजवलेला लाकडी बैल दोरीने ओढत तोरणाखाली नेतात आणि मग घरोघर बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, मागतात. शिकण्याच्या दृष्टीने बघाल तर त्यात काय नाही? चाकं का अडतात, उतारावर बैल पुढे का पळतो, दोरी जवळून धरली की पुढचे पाय का उचलले जातात. बोजाऱ्याची चिल्लर मोजणं, वाटून घेणं. ओळखीच्या नसलेल्या घरी जाऊन नीट बोलणं.

माझी एक विनंती आहे. बैल बाजारातून आणा, पण झूल, बाशिंग, माळा मुलालाच करू द्या. वाकडं होईल, डिंक सांडेल. स्पर्धेत बक्षीस मिळावं म्हणून आईबाबा रात्रभर बसून बैल सजवतात आणि मूल शेजारी झोपलेलं असतं, हे मी दर वर्षी बघते आणि वाईट वाटतं. आणि सणानंतर बैल शोकेसमध्ये ठेवू नका, वर्षभर खेळायला द्या.

खेळणी सुरक्षित आहेत हे कसं पाहायचं?

1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. इतवारीतून घ्या की ऑनलाइन, खोक्यावर ते चिन्ह बघा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या वस्तूंना यातून सूट आहे, त्यामुळे कारागिराकडून घेतलेल्या लाकडी बैलावर चिन्ह नसणं म्हणजे फसवणूक नव्हे. तिथे रंग कोणता वापरला ते विचारा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग सुटत असेल तर तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलाला देऊ नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर असू नये असा आपल्याकडे नियम आहे. रंगाचा डबा दाखवायला चांगला कारागीर कधी नाही म्हणत नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, कंचे, मणी, सुटी चाकं नकोत. साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा बारीक वस्तू घशात अडकू शकते. घरात मोठं भावंड असेल तर त्याचं सामान वरच्या फळीवर.

चपट्या गोल बॅटरीबद्दल मी प्रत्येकाला बजावते. वाजणाऱ्या खेळण्यांत, रिमोटमध्ये ती असते. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आत भाजू शकतं. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घेऊच नका. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट न पाहता तडक दवाखाना. एकापेक्षा जास्त छोटी लोहचुंबकं गिळली गेली तरी तसंच.

एवढी खेळणी आहेत, तरी पाच मिनिटांत कंटाळतो.

एवढी आहेत म्हणूनच. सहा-सात बाहेर ठेवा, बाकी पलंगाच्या पेटीत. दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करा. जुनी खेळणी नव्यासारखी भेटतात. खेळणी टोपलीत ढिगाने टाकण्याऐवजी फळीवर सुटी मांडा. मुलाला एक निवडता आलं पाहिजे.

आणि आमची मुलगी रोज एकच कोडं करते, तिचं काय?

करू द्या. तिचं अजून काहीतरी चालू आहे. संपलं की ती स्वतःच सोडेल.

मोबाइलवरचे शैक्षणिक खेळ चालतील का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना भरदुपारी मुलांना घरात कसं गुंतवायचं, हे मला कळतं. मोबाइल हातात देणाऱ्या आईला मी बोल लावणार नाही. पण पडद्यावरचा मनोरा पडत नाही. पडला तरी आवाज होत नाही, पायावर आदळत नाही, आणि पुन्हा रचताना हात थरथरत नाहीत. चिंचोके फोडून खडूने आखलेला पट, दुपारी खिडकीचे पडदे ओढून, आजीबरोबर खेळून बघा. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी. चार टाकले आणि पांढरे मोजले की फासा तयार. मुलाला हरायचीही सवय होते, आणि आजी हरायला देते की नाही हे तुमच्या आजीवर आहे.

‘सहा वर्षांचा झाला, नुसता खेळतो, लिहीत काही नाही’ असं सासरे म्हणतात. काय सांगू?

त्यांना वर्ध्याची आठवण द्या. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याचा विचार देशापुढे ठेवला गेला. टकळीवर सूत काढताना मोजमाप आणि हिशोब. ती कल्पना आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून निघाली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळाला मध्यवर्ती जागा दिली आहे, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने या वयासाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळ-साहित्याचा संच आणला.

पण धोरणापेक्षा हात दाखवणं चांगलं. आजोबांना बसवा आणि नातवाला नट-बोल्ट लावायला, कणकेची लाटी करायला, मणी ओवायला सांगा. पेन्सिल धरायला लागतात तीच बोटं, तोच अंगठा. आजोबांनाच गठ्ठे बांधायच्या खेळात भिडू करून घ्या. माझ्या खोलीत सगळ्यांत जास्त तक्रार करणारे एक आजोबा आता दर शनिवारी ठोकळ्यांचा पूल बांधायला नातवाच्या आधी बसतात.

मुलाला बोलायला उशीर होतो आहे. खेळण्यांनी फरक पडेल?

खेळ कामाला येतो, पण आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. यात वाट पाहू नका. बोलणाऱ्या खेळण्याने मूल बोलत नाही, समोरच्या माणसाशी बोलता बोलता बोलतं.

नागपुरात मुलांना घेऊन कुठे जावं?

गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र 1992 पासून आहे. तिथे हात लावून करून बघायची साधनं आहेत. एका फेरीत सगळं उरकू नका. मुलाला एका यंत्राशी वीस मिनिटं थांबायचं असेल तर थांबू द्या, तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपला अजब बंगला, 1863 चा. मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय गाडीवेड्या मुलांसाठी. जुनी इंजिनं, सिग्नल, आणि अडीच फुटांचा रूळ किती अरुंद ते पावलांनी मोजता येतं.

तुकडे हरवलेली खेळणी टाकून द्यायची का?

लगेच नको. ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं म्हटलं जातं, त्याचा खरा ध्यास घेतला तो अरविंद गुप्तांनी. आयआयटी कानपूरला शिकलेल्या या माणसाने आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञानाची खेळणी केली आणि ती कशी करायची ते सगळ्यांसाठी मोफत खुलं ठेवलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे सांधे म्हणून आणि आगकाड्या बाजू म्हणून घेऊन त्रिकोण-चौकोन करून बघा. गूल आधी खरवडून टाका. चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छताच्या कैचीत, पुलात त्रिकोण का असतात ते मुलाच्या बोटाला कळतं.

जिगसॉचा एक तुकडा गेला असेल तर मुलाला पुठ्ठ्यावर तो आखून, कापून, रंगवून बसवायला सांगा. माझ्याकडच्या वाघाच्या कोड्यात डाव्या कानाच्या जागी असाच एक घरगुती तुकडा आहे. थोडा मोठा झाला होता, म्हणून करणाऱ्याने तीनदा कापला. आता मुलं ते कोडं लावताना सगळ्यांत आधी तोच कान शोधतात.